टर्बोचा ऑइल पाइप बदलताना: नवशिक्यांसाठी पहिल्या पान्यापासून शेवटच्या तपासणीपर्यंत

डिझेल गाडीचा टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) जातो, नवा बसवला जातो, आणि काही महिन्यांत तोही शिट्टी मारायला लागतो. मग टर्बो डुप्लिकेट होता, असं म्हणून विषय संपतो. खरं तर अनेकदा टर्बो चांगलाच असतो. त्याला ऑइल पोहोचवणारा बोटापेक्षा बारीक लोखंडी पाइप आतून तुंबलेला असतो आणि नव्या टर्बोलाही तोच जुना पाइप परत जोडलेला असतो. हा पाइप कधी बदलायचा, कसा बदलायचा आणि बदलण्याआधी कशाचा शोध घ्यायचा, ते इथे सविस्तर लिहितो. गॅरेजमध्ये नुकतं काम शिकायला लागलेल्यांसाठी आणि आपली गाडी स्वतः उघडून बघण्याची हौस असलेल्यांसाठी हे आहे. गाडी मिस्त्रीकडेच द्यायची असेल, तरी त्याच्याशी काय बोलायचं तेवढं यातून नक्की कळेल.

उदाहरणासाठी आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं इंजिन घेऊ: १.३ लिटरचं, १२४८ सीसीचं डिझेल. फियाटचं मल्टिजेट, मारुतीचं डीडीआयएस, टाटाचं क्वाड्राजेट ही एकाच इंजिनाची नावं. पुण्याजवळ रांजणगावला आणि हरियाणात मानेसरला ते बनायचं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा, इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्ट, लिनिया, पुंटो या सगळ्यांत ते बसलं. ७५ पीएसच्या (पीएस म्हणजे ताकदीचं माप, साधारण हॉर्सपॉवरएवढं) गाड्यांत साधा टर्बो आणि ९० पीएसच्या गाड्यांत व्हेरिएबल जॉमेट्रीचा, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलणारा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचं कडक मानक) लागू झालं आणि मारुतीने डिझेल बंद केलं. म्हणजे या इंजिनाची मारुतीची सर्वांत नवी गाडीही आता जुन्यात जमा आहे, बऱ्याच गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं याचा पत्ता नाही. पाइपच्या तक्रारी आता वाढण्याचं कारण हेच. तुमची गाडी वेगळी असेल तर बोल्टची जागा आणि पान्याचे नंबर बदलतील, कामाची रीत बदलणार नाही.

पाइप तुंबतो म्हणजे नेमकं काय होतं

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. एवढ्या वेगाला तो सहसा बॉल बेअरिंगवर नसतो, पितळी बुशांत फिरतो, आणि बुश व शाफ्ट यांच्यामध्ये ऑइलचा अतिशय पातळ थर असतो. शाफ्ट खऱ्या अर्थाने या थरावर तरंगतो. इंजिनाच्या ऑइल पंपाचं दाबाखालचं ऑइल फीड पाइपमधून टर्बोच्या डोक्यावर येतं, बुशांमधून खाली उतरतं आणि जाड रिटर्न पाइपने आपल्या वजनानेच चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) परत पडतं. लहान डिझेल गाड्यांच्या बहुतेक टर्बोंना पाण्याचं कूलिंग नसतं, त्यामुळे शाफ्टची उष्णता वाहून नेण्याचं कामही याच ऑइलचं. एका बाजूचा पंखा सायलेन्सरकडे जाणाऱ्या धगधगत्या गॅसमध्ये फिरतो आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा थंड हवा ओढतो. मधल्या दोन इंचांत सगळा भार ऑइलवर.

आता या पाइपची वाट बघा. तो एक्झॉस्टच्या अगदी अंगावरून जातो. तुम्ही मुंबईहून नाशिककडे कसारा चढून आलात, गाडी भरलेली होती, वर येताच चहाच्या टपरीजवळ गाडी लावली आणि लगेच किल्ली फिरवली. पंप थांबला, पाइपमधलं ऑइल जागच्या जागी थांबलं आणि टर्बोची धग मात्र तशीच. ते ऑइल तिथे शिजतं आणि पाइपच्या आतल्या भिंतीवर काळा, कडक थर सोडून जातं. असं शेकडो वेळा झालं की पाइपचं भोक निम्म्यावर येतं.

पण हे एकच कारण नाही, आणि याहून घातक कारण दुसरं आहे: घाण ऑइल. डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी मिसळतेच. ऑइल वेळेवर बदललं तर ती ऑइलबरोबर बाहेर जाते. दहा हजार किलोमीटरच्या जागी वीस-पंचवीस हजार किलोमीटर गाडी चालवली, की ऑइल घट्ट होऊन चेंबरच्या तळाशी डांबरासारखं बसतं. त्यात इंजेक्टरखालचा (इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) तांब्याचा वायसर लीक असेल तर सिलिंडरमधला जळका गॅस वर येतो, इंजेक्टरभोवती काळी चिकट खपली धरतो आणि ऑइल आणखी लवकर खराब करतो. युरोपात फोर्ड आणि प्यूजो-सित्रोएनच्या १.६ लिटर डिझेलमध्ये हा प्रकार इतका झाला की तिथले मेकॅनिक टर्बो बदलताना इंजेक्टरचे वायसर, फीड पाइप आणि चेंबर हे सगळं एकच काम समजून करतात. त्या इंजिनाच्या पाइपच्या बोल्टमध्ये एक बारीक जाळी असते, आणि काजळीचा पहिला बळी ती जाळीच असते.

म्हणून आधीच सांगतो: नुसता पाइप बदलून मोकळं होऊ नका. पाइपमध्ये साचलेली घाण इंजिनातूनच आलेली असते. ती इंजिनात तशीच ठेवली, तर नवा पाइप तिला टर्बोपर्यंत आणखी सहज नेऊन पोहोचवेल.

पाइपच दोषी आहे का, हे आधी बघा

पाइपच्या तक्रारी दोन प्रकारच्या. एक बाहेरून गळण्याची, दुसरी आतून तुंबण्याची.

गळती सोपी आहे. बोनेटमधून जळक्या ऑइलचा वास येतो, सिग्नलला थांबल्यावर निळसर धूर दिसतो, टर्बोच्या हीट शील्डवर (धग अडवणाऱ्या पत्र्यावर) ओले काळे ओघळ असतात. पण टर्बोवर ऑइल दिसलं म्हणजे पाइपच गळतोय असं नाही. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलं तरी ऑइल ओघळत तिथेच येतं. गाडी पूर्ण थंड असताना सगळा भाग डिग्रीझरने पुसून कोरडा करा आणि पाइपच्या दोन्ही टोकांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर फुंकून बसवा. गाडी दहा मिनिटं स्टँडिंगला (जागेवर, रेस न देता) चालू ठेवून बंद करा आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीवर पहिला तपकिरी डाग जिथे उमटतो, तीच गळतीची जागा. या गळतीकडे दुर्लक्ष करू नका. तापलेल्या एक्झॉस्टवर ऑइल सतत पडणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे.

तुंबलेला पाइप मात्र बाहेरून अगदी धडधाकट दिसतो. त्याची लक्षणं टर्बोत दिसतात. पिकअप कमी होणं, रेस केल्यावर शिट्टी किंवा खरखर वाढणं, गाडी बराच वेळ स्टँडिंगला ठेवून रेस केली की निळा धूर. एअर फिल्टरकडून टर्बोकडे येणारी रबरी नळी काढा आणि आतला पंखा बोटांनी हलवून बघा. आडवा थोडासा प्ले (ढिलेपणा) असतोच, तो दोष नाही. पंखा बाहेरच्या घराला घासत असेल किंवा शाफ्ट पुढे-मागे हलल्याचं हाताला जाणवत असेल, तर टर्बो गेलेला आहे. आता पाइपबरोबर टर्बोही बदलावा किंवा रिपेअर करावा लागेल. पंखा मोकळा फिरतोय आणि पुढे-मागे प्ले नाही, तर तुम्ही वेळेवर आलात.

याच वेळी इंटरकूलरची (टर्बोतून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीची) खालची नळी सोडून बघा. थोडा ऑइलचा ओलावा चालतो. पण वाटीभर ऑइल पडलं तर गाडी चालू करू नका. टर्बोची सील गेली की इंजिन डिझेलऐवजी स्वतःचंच ऑइल ओढून पेटतं, किल्ली काढली तरी बंद होत नाही आणि रेस आपोआप वाढत जाते. कधी असा प्रसंग आलाच, तर मॅन्युअल गाडीत ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक ओढून वरचा गिअर टाका, क्लच सोडा आणि इंजिन मारून टाका. चालत्या टर्बोच्या तोंडाला हात लावू नका.

सामान

पाइप नवाच घ्या. जुना पाइप डिझेलमध्ये भिजवून, तार घालून, हवा मारून साफ करतात, हे मला माहीत आहे. मी त्याच्या विरोधात आहे. आतला थर पूर्ण निघत नाही, फक्त सैल होतो, आणि सुटलेला एक कण बुशात अडकायला पुरेसा असतो. शंका असेल तर काढलेला जुना पाइप हॅक्सॉने मधोमध कापून बघा. पाइप जिथे टर्बोजवळ वळतो तिथे भिंतीला चिकटलेली काळी, ठिसूळ साल नखाने खरवडली की सुटते आणि तिच्याखाली दुसरी साल असते. वळणातली ही साल तारेने कधीच पूर्ण निघत नाही.

भंगारातल्या गाडीचा पाइपही नको आणि लेथवाल्याकडून वाकवून घेतलेला तांब्याचा पाइपही नको. तांबं इंजिनाच्या थरथरीने हळूहळू कडक होऊन तडकतं. पाइप घेताना चॅसिस नंबर सांगा, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत पाइपची लांबी आणि वळण वेगळं असू शकतं. कंपनीच्या शोरूमच्या पार्ट काउंटरला आधी विचारा. तिथे नसेल तर पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाउसकडची स्पेअर पार्टची दुकानं आहेत. जुना पाइप सोबत नेऊन शेजारी ठेवून मिळवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पाइपबरोबर हेही घ्या: दोन्ही टोकांचे बँजो बोल्ट, म्हणजे ज्यांच्या आतून ऑइल जातं ते पोकळ बोल्ट (आत जाळी असेल तर नक्की), प्रत्येक बोल्टला दोन याप्रमाणे तांब्याचे नवे वायसर, रिटर्न पाइपचं पॅकिंग किंवा ओ-रिंग, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा वायसर आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल. ऑइल दुप्पट घ्या. का, ते पुढे येईल.

हत्यारांत गोटी पान्यांचा सेट, लांब एक्स्टेन्शन, रिंग पाने, टॉर्क रेंच, चांगला हेडलॅम्प, ब्रेक क्लीनर, दहा-वीस मिलीची इंजेक्शनची सिरिंज आणि लिंट न सोडणारं फडकं. कापसाचे बोळे अजिबात नकोत, त्यांचा एक धागा पाइपमध्ये गेला तरी ताप होतो. गाडी वर घ्यायची असेल तर खाली घोड्या (भक्कम स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका.

पाइप काढणं

गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तम. आदल्या संध्याकाळी हीट शील्डच्या आणि पाइपच्या सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. कोकणातल्या, समुद्राजवळच्या गाड्यांना हे दोन दिवस आधीपासून करा, कारण तिथे हीट शील्डचे बोल्ट सुटण्याऐवजी तुटतात.

सकाळी बॅटरीची निगेटिव्ह काढा. ऑइल काढून टाका. ते बादलीत साठवा, आणि निघताना कसं पडतंय ते बघा: पातळ आणि सरळ धार, की गुठळ्या? दोन बोटांमध्ये चोळून बघा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, पण चिकट डांबरासारखं किंवा वाळूसारखं टोचणारं असेल, तर चेंबर उतरवायचंच हे इथेच ठरवा.

वरचं कव्हर, एअर फिल्टरच्या नळ्या, हीट शील्ड असं क्रमाने काढत जा. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा. बोल्ट एका डब्यात टाकू नका, कागदावर जागा लिहून वेगवेगळे ठेवा. टर्बोची हवेची तोंडं उघडी पडली की लगेच स्वच्छ फडक्याने किंवा टेपने बंद करा. एखादा वायसर आत पडला आणि लक्षात आला नाही, तर पहिल्याच स्टार्टला पंखा संपतो.

डिझेलच्या जाड लोखंडी नळ्या, म्हणजे रेलपासून (सगळ्या इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल पुरवणाऱ्या नळीपासून) इंजेक्टरपर्यंत जाणाऱ्या, या कामात सोडायच्या नाहीत. कॉमन रेलचा दाब हजार बारच्या वर जातो. चुकून इंजिन चालू असताना तिथलं जोड सैल झालं, तर डिझेलची धार कातडीतून आत शिरते.

पाइपचं टर्बोकडचं टोक आधी सोडा. बोल्ट अडला तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. बँजो बोल्ट आतून पोकळ असतो, भरीव बोल्टएवढी पिळ तो सोसत नाही. थोडा घट्ट करा, मग थोडा सैल, परत थोडा घट्ट, असं करत सोडवा. मग मधली क्लिप आणि शेवटी इंजिनाकडचं टोक. दोन्ही बोल्ट दिसायला सारखे असले तरी त्यांची भोकं वेगळ्या मापाची असू शकतात, कारण टर्बोला किती ऑइल जावं हे काही इंजिनांत त्या भोकावरच ठरतं. कोणता बोल्ट कुठला, हे त्याच क्षणी चिकटपट्टीवर लिहून लावा.

आता वायसर मोजा. एका टोकाला दोन, एक पाइपच्या डोळ्याच्या (बोल्ट जातो त्या टोकाच्या कडीच्या) वर आणि एक खाली. तुमच्या हातात एकच आला असेल, तर दुसरा टर्बोच्या किंवा ब्लॉकच्या अंगाला चिकटून बसलेला आहे. वर्षानुवर्षं दबून तो तिथल्याच धातूसारखा काळा पडलेला असतो आणि सहज दिसत नाही. नखाची धार फिरवून बघा, कडा लागते. तो पातळ पेचकसाने हलक्या हाताने उचलून काढा. त्याच्यावरच नवा वायसर बसवला तर गळती ठरलेली आहे, आणि मग सगळं परत उघडावं लागतं. बसण्याची जागा पॉलिश पेपरने घासत बसू नका, त्याची पूड भोकात जाते. ब्रेक क्लीनर फवारलेल्या फडक्याने पुसून घेतलं की पुरे.

काढलेल्या पाइपच्या एका टोकातून सिरिंजने स्वच्छ डिझेल सोडून बघा. दुसऱ्या टोकाने अखंड धार आली तर पाइप मोकळा. थेंबथेंब आलं किंवा काळे कण पडले, तर तुमचं निदान बरोबर होतं आणि पुढचा भाग टाळू नका.

चेंबर उतरवायचं की नाही

जुन्या पाइपमध्ये कार्बन निघाला असेल तर माझं उत्तर हो आहे. हे काम कंटाळवाणं आहे, हात काळे होतात, आणि म्हणूनच ते सर्रास सोडून दिलं जातं. पण चेंबरमध्ये पंपाचं तोंड असतं, त्या तोंडाला गाळणी असते, आणि ती निम्मी तुंबली असेल तर नवा पाइप, नवा टर्बो काहीच उपयोगाचं नाही. या १.३ लिटर इंजिनाची टायमिंग चेनसुद्धा याच ऑइलवर चालते. ऑइल कमी पोहोचलं की चेन ढिली पडते आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड ऐकू येते. ती खडखड तुमच्या गाडीत असेल, तर टर्बोआधी चेन तपासून घ्या.

चेंबरचे बोल्ट कडेपासून आळीपाळीने सोडा. ते सीलंटने चिकटलेलं असतं, पेचकस घालून उचकटलं तर कड वाकते, म्हणून पातळ पत्र्याच्या पातीने कापत जा. आतला गाळ लाकडी पट्टीने खरवडून काढा, चेंबर डिझेलने धुवा, नंतर ब्रेक क्लीनरने. गाळणी काढून उजेडासमोर धरा, प्रत्येक भोक मोकळं दिसलं पाहिजे. चेंबरच्या तळाशी पितळी चमक दिसली तर तो बुश किंवा बेअरिंगचा चुरा आहे. तिथे थांबा आणि अनुभवी माणसाला दाखवा.

परत बसवताना सीलंटची रेघ बारीक ठेवा. जाड रेघ आवळल्यावर आत दबते, तिचे तुकडे सुटतात आणि ऑइलबरोबर गाळणीपर्यंत येतात. फीड पाइपच्या जोडांना मात्र सीलंट अजिबात लावायचा नाही, टेफ्लॉन टेपही नाही. तिथे फक्त तांब्याचे वायसर.

‘इंजिन फ्लश’ नावाची बाटली मिळते. खूप गाळ असलेल्या इंजिनात ती मी वापरणार नाही. ती गाळ विरघळवण्याऐवजी त्याचे पापुद्रे सोडवते आणि ते नेमके गाळणीवर जाऊन बसतात. त्यापेक्षा साधं ऑइल दोनदा बदला.

इंजेक्टरभोवती काळी खपली असेल किंवा चालू गाडीत फुस-फुस आवाज येत असेल, तर इंजेक्टरचे वायसर याच खेपेला बदलून घ्या. हे काम मात्र पहिल्यांदा स्वतः करू नका. अडकलेला इंजेक्टर काढताना हेडचं नुकसान होतं, त्याला वेगळे पुलर लागतात.

नवा पाइप बसवणं

रिटर्न पाइप आधी बघा. तो आतून मोकळा आणि उतरता हवा, कुठे पिळलेला नको. ऑइल खाली उतरायला जागा मिळाली नाही तर ते टर्बोच्या सीलमधून बाहेर पडतं, आणि नव्या टर्बोलाही धूर येतो.

नव्या पाइपच्या टोकांवरचे प्लास्टिकचे टोप शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. ते काढल्यावर पाइपमध्ये ब्रेक क्लीनर मारून, कोरडी हवा देऊन घ्या.

दोन्ही टोकांचे बोल्ट आधी नुसते हाताने, दोन-तीन आटे लावा. मग पाइप आपल्या नैसर्गिक जागी बसू द्या आणि मधली क्लिप हाताने अडकवा. पाइप ओढून-वाकवून एक टोक आवळलं, तर त्यात ताण राहतो आणि थरथरीने तो डोळ्याजवळ तडकतो. सगळं सहज बसतंय हे दिसलं की इंजिनाकडचा बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, नंतर क्लिप. टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने नको. टर्बोकडचा बोल्ट आवळण्याआधी एक महत्त्वाचं काम आहे, त्यासाठी तो हाताने परत काढून घ्या.

सिरिंजमध्ये नवं ऑइल भरा आणि टर्बोच्या वरच्या भोकात हळूहळू सोडा. सोडताना दुसऱ्या हाताने हवेच्या बाजूचा पंखा फिरवत राहा. सुरुवातीला पंखा कोरडा, हलका फिरतो. ऑइल बुशात पोहोचलं की त्याची चाल बदलते, बोटाला किंचित जड, गुळगुळीत लागते. तो बदल जाणवला की झालं. मगच बोल्ट लावून टॉर्कने आवळा. हे केलं नाही तर पहिल्या स्टार्टला ऑइल वर चढेपर्यंत टर्बो कोरडा फिरतो, आणि बुशांना ओरखडे पडायला तेवढा वेळ पुरतो.

पहिला स्टार्ट

नवा फिल्टर, नवं ऑइल भरा, लेव्हल डिपस्टिकवर बघा. बॅटरी जोडा. आता गाडी चालू न करता सेल मारायचा (किल्लीने इंजिन नुसतं फिरवायचं) आहे, म्हणजे ऑइल सगळीकडे पोहोचेल. किल्ली बंद असताना इंजेक्टरच्या वायरींचे सॉकेट काढून ठेवा. दहा-दहा सेकंदांचे सेल मारा, मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ तापतो. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझला की आणखी एकदा मारा.

इथे पुरवठा मोजून घेता येतो, आणि जुन्या गाळाच्या इंजिनात तो मोजावाच. रिटर्न पाइप टर्बोपासून सोडून टर्बोच्या त्या तोंडाला तात्पुरती नळी लावा, ती स्वच्छ बाटलीत सोडा. मग इंजेक्टरचे सॉकेट लावून गाडी चालू करा आणि फक्त स्टँडिंगला ६० सेकंद चालवून बंद करा. वर सांगितलेल्या १.६ लिटर इंजिनासाठी एका मिनिटात किमान ०.३ लिटर ऑइल यावं, असं माप रूढ आहे. तुमच्या इंजिनाचं माप वेगळं असू शकेल, पण नुसते थेंब पडत असतील तर अडथळा अजून आहे: गाळणीत, फिल्टरच्या घरात किंवा ब्लॉकच्या भोकात. बाटलीत जमलेलं ऑइल परत टाकू नका, तेवढं नवं भरा. या मोजणीच्या वेळी एक माणूस किल्लीजवळ आणि एक बाटलीजवळ हवा.

रिटर्न पाइप नव्या पॅकिंगसह लावा. गाडी चालू करून पाच मिनिटं रेस न देता ठेवा. हेडलॅम्पने दोन्ही जोड बघा, स्वच्छ कागद लावून काढा, डाग नको. आधी सांडलेलं ऑइल आणि गंज काढायचं ऑइल एक्झॉस्टवर जळून थोडा धूर येतो, तो काही वेळात थांबतो. सॉकेट काढल्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनरने कोड पुसून घ्या. तो परत आला, तर कुठलं तरी सॉकेट नीट बसलेलं नाही.

हीट शील्ड विसरू नका आणि तिचा एकही बोल्ट कमी ठेवू नका. ती पाइपला धगीपासून वाचवते. शील्डशिवाय गाडी सोडली, तर नवा पाइप लवकरच जुन्याच्या वाटेने जाईल.

त्यानंतरचे दिवस

पहिले पन्नास-शंभर किलोमीटर गाडी दामटू नका. घरी आल्यावर गाडी थंड झाली की परत एकदा टॉर्चने जोड बघा. तांब्याचे वायसर थोडे बसतात, त्यामुळे मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर टॉर्क एकदा तपासून घ्या.

पाचशे ते हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला. दुप्पट ऑइल घ्यायला याचसाठी सांगितलं होतं. इंजिनाच्या कोपऱ्यात राहिलेली काजळी नवं ऑइल आपल्यात ओढून घेतं आणि तेवढ्या अंतरात ते काळंकुट्ट होतं. ते बघून घाबरू नका, ऑइल आपलं काम करतंय. त्यानंतर नेहमीच्या अंतरावर बदला, पण गाडी शहरातच फिरत असेल आणि ट्रॅफिकमध्ये उभी राहत असेल, तर कंपनीच्या मुदतीच्या आधीच बदललेलं बरं.

घाट चढून आल्यावर किंवा द्रुतगती मार्गावरून उतरल्यावर थांबताना एखादा मिनिट गाडी स्टँडिंगला ठेवा, मग किल्ली बंद करा. शेवटचे दोन-तीन किलोमीटर हळू आलात तर तेवढंही लागत नाही. सकाळी चालू केल्याबरोबर रेस देऊ नका, ऑइल टर्बोपर्यंत चढू द्या.

काढलेलं काळं ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. ते कॅनमध्ये भरून, जुनं ऑइल अधिकृत रिसायकलरला देणाऱ्या गॅरेजकडे द्या. जुना पाइप मात्र कापलेल्या अवस्थेत काही महिने जपून ठेवा. पुढच्या वेळी कोणी म्हणालं की पाइप धुऊन चालेल, तर त्याच्या हातात तो तुकडा द्या.

आणि शेवटची तपासणी: काम झाल्यावर दोन हजार किलोमीटरला एअर फिल्टरची नळी काढून पंख्याचा प्ले पुन्हा बघा. तो पहिल्या दिवशी होता तेवढाच असेल, आणि डिपस्टिकवरची ऑइलची पातळी खाली गेलेली नसेल, तर टर्बोला ऑइल नीट मिळतंय. प्ले वाढला असेल तर वाट बघू नका, रिटर्न पाइपपासून पुन्हा सुरुवात करा.